मिरचीचा काल व सावतोबांचा मळा

गेल्या ज्येष्ठांत एक परिचित संग्राहक एक बाड घेऊन माझ्या अणदूरच्या घरीं आले. बाड लांबट, दोऱ्यानें शिवलेलें, कागद हातबनावटीचा, कडा वाळवीनें खाल्लेल्या. पूर्वार्धांत बाळबोध लिपींत अभंगपदें आणि उत्तरार्धांत मोडींत औषधें, पाकक्रिया, उधारीचे आंकडे, असा अशा बाडांचा नेहमींचा संसार. अभंगांच्या शेवटीं लेखनकाल दिलेला होता. संवत्सर शोभन, महिना व तिथि स्पष्ट, वार नाहीं. शकाचा पहिला अंक १, शेवटचे दोन ०५, आणि दुसऱ्या अंकावर नेमकें वाळवीचें भोंक. उरलेल्या रेघेवरून मालक तो ४ वाचीत होते. शके १४०५ म्हणजे इ. स. १४८३. त्या शकाला शोभन संवत्सर येतें हें त्यांनीं गणित करून पाहिलें होतें आणि तें गणित बिनचूक होतें. नाथांच्या पूर्वींचें कागदी अभंगबाड म्हणजे केवढा लाभ, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांस माझ्याकडून दोन ओळींचा अभिप्राय हवा होता.

मीं पानें चाळलीं. सावता माळ्यांचा तो सर्वश्रुत अभंग आला, ज्यांत मळ्यांतल्या भाज्यांतच विठ्ठल दिसतो. छापील गाथांत आहे त्याचप्रमाणें येथेंहि लसूण व कोथिंबीर यांच्या पंक्तीला मिरची बसलेली होती. पुढें मोडी पानांवर एका कालवणांत पुन्हां मिरची. मीं अभिप्राय लिहून दिला नाहीं. "एका भाजीवरून माझा शक खोडतां काय?" असें म्हणून मालक बाड बांधून उठले. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर सविस्तर देणें हें या टिपणाचें प्रयोजन होय. आणि तें देतांना प्रश्न केवळ त्यांच्या बाडापुरता राहत नाहीं, सावतोबांच्या अभंगापर्यंत पोंचतो, हें आरंभींच सांगून ठेवितों.

प्रथम वनस्पतीचें कूळ पाहूं. मिरची मूळची अमेरिका खंडाची. तिच्या गोत्रांतील रानटी जाती तेथेंच उगवतात. तेथील उत्खननांत तिच्या लागवडीच्या खुणा सुमारें सहा हजार वर्षें मागें जातात. आपल्या देशांत तिचा एकहि रानटी पूर्वज नाहीं. कोलंबस इ. स. १४९२ सालीं निघाला तो मिऱ्यामसाल्यांच्या देशाच्या शोधांत. मिरीं मिळालीं नाहींत, परंतु तितकेंच झोंबणारें एक फळ मिळालें, आणि १४९३ च्या जानेवारींत त्यानें आपल्या रोजनिशींत तें तेथील लोकांचें मिरें होय अशा अर्थाची नोंद केली. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतास आला. १५१० मध्यें अल्बुकर्कनें आदिलशाहाकडून गोवें घेतलें. पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची इकडे आली, याविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांत आतां वाद उरलेला नाहीं. शके १४०५ त कोलंबस अद्याप निघालाहि नव्हता.

मालकांचें यावर म्हणणें असें कीं, त्या काळीं मिरची म्हणजे मिरेंच असेल. हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. पुष्कळ सुज्ञ लोकहि सावतोबांच्या अभंगाचें समर्थन याच वाटेनें करितात. म्हणून शब्दाकडे नीट पाहिलें पाहिजे.

संस्कृत वाङ्मयांत झोंबण्याचा सगळा भार तीन द्रव्यांवर आहे: सुंठ, पिंपळी आणि मिरें. वैद्यकांतलें त्रिकटु तें हेंच. अमरकोशांत मिऱ्याच्या नांवांमध्यें 'वेल्लज' असें एक नांव आहे, म्हणजे वेलीवर होणारें. हा वेल वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल. आमच्या गांवापासून दोन दिवसांच्या चालीवर कल्याणी, सध्यांचें बसवकल्याण. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (सुमारें इ. स. ११२९) अन्नभोगाचा स्वतंत्र भाग आहे. मांडे आहेत, वडे आहेत, आजच्या इडलीची पणजी आहे, मांसाचे नाना प्रकार आहेत. हिंग, आलें, जिरें, मिरें यांचा हात सढळ आहे. मिरची नाहीं. इ. स. १५०० च्या सुमारास माळव्याच्या सुलतानासाठीं सिद्ध झालेल्या निमतनाम्यांत नाहीं, आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या आइने-अकबरींत पाकगृहाच्या जिनसा व त्यांचे भाव दिले आहेत, त्यांत मिरें आहे, मिरची नाहीं. भावमिश्राचें उदाहरण मला विशेष बोलकें वाटतें. सोळाव्या शतकांतल्या या वैद्यानें फिरंगरोगाला आपल्या ग्रंथांत जागा दिली, त्यावर चोपचिनी सांगितली. नव्याला दार लावून बसणारा हा पंडित नव्हे. तरी त्याच्या निघंटूंत मिरचीला स्वतंत्र स्थान नाहीं. 'कटुवीरा' हें तिचें संस्कृत नांव अलीकडच्या निघंटूंतलें आहे.

जातां जातां एक सावधगिरीची सूचना. संस्कृतांत 'कटु' म्हणजे झोंबणारा रस आणि 'तिक्त' म्हणजे कडुलिंबाचा. मराठींत कटूपासून 'कडू' झालें तें दुसऱ्याच रसाकडे गेलें, आणि झोंबणाऱ्या रसासाठीं आपण तीक्ष्णापासून आलेलें 'तिखट' घेतलें. पुढें तिखट हें गुणाचें नांव मिरचीच्या पुडीचेंच नांव होऊन बसलें. तेव्हां जुन्या पोथींत तिखट हा शब्द दिसला कीं तेथें मिरची आहे असें धरूं नये. सुंठहि तिखट, मोहरीहि तिखट. विद्यार्थ्यांस गीतेचा सतरावा अध्याय शिकवितांना राजस आहाराच्या ठिकाणीं ही अडचण मला दरवर्षीं येई. मुलांच्या डोळ्यांपुढें ठेच्याखेरीज दुसरें कांहीं उभेंच राहत नसे.

आतां मिरची शब्दाची घडण. 'मरिच' या शब्दाची मराठींतली औरस संतति मिरी व मिरें ही आहे. दोन स्वरांमध्यें सांपडलेला च प्राकृतांत गळतो. सूचीची सुई झाली ती अशीच. बाराव्या शतकांत हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणांत मरिचाचें 'मिरिअ' असें रूप देतो, आणि त्यापासून मिरी हें रूप सरळ उतरतें. 'मिरची' मध्यें मात्र च शाबूत आहे. वंशपरंपरेनें आलेल्या शब्दांत तो शाबूत राहता ना. अर्थात् हा शब्द आजीकडून आलेला नाहीं, बाहेरून आणलेला आहे. उत्तरेकडील 'मिर्च' दख्खनी बोलींतून मराठींत येऊन स्त्रीलिंगी झाला, असें मला वाटतें. हिंदींत एकाच शब्दाला दोन पदार्थ वाहावे लागल्यामुळें काली मिर्च, लाल मिर्च अशीं विशेषणें जोडावीं लागलीं. मराठीस ती गरज पडली नाहीं. जुन्या पदार्थास घरचा शब्द होताच, नव्यास आणलेला शब्द मिळाला, आणि दोघांनीं घर वाटून घेतलें. यावरून असें निष्पन्न होतें कीं, सावतोबांस किंवा शके १४०५ च्या कोणा लेखकास मिरेंच म्हणावयाचें असतें, तर त्यानें मिरी म्हटलें असतें. शब्द तयार होता.

शेजारच्या भाषांनींहि तोच मार्ग थोड्या फरकानें धरला. आमचा खंडोबा वर्षाचे सव्वादहा महिने अणदुरास व पावणेदोन महिने नळदुर्गाजवळ मैलारपुरास असतो. मूर्ति एक, देवळें दोन. पौषी पौर्णिमेच्या यात्रेस कानडी व तेलुगु मुलखांतून माणसें येतात. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यानें त्या भाषा आमच्या बाजारांत पूर्वीपासून ऐकूं येतात. कानडी माणूस मिरचीला 'मेणसिनकायि' म्हणतो, तेलुगु 'मिरपकाय', तमिळ 'मिळगाय'. तिन्ही ठिकाणीं मिऱ्याच्या नांवापुढें 'काय', म्हणजे कच्चें फळ, हा शब्द जोडला आहे. कोंकणींत 'मिरसांग' म्हणतात; तेथेंहि आरंभीं मिरी उभी आहे. बंगाल्यांत तिला 'लंका' म्हणतात, ही मात्र समुद्रापलीकडून आल्याची चक्क कबुली आहे. बटाटा, तंबाखू, अननस, काजू यांनीं आपलीं परदेशी नांवें टाकलीं नाहींत, म्हणून त्यांचें परकेपण लपत नाहीं. मिरची मिऱ्याचें पांघरूण घेऊन आली. सीताफळानेंहि असेंच केलें, व त्या नांवाच्या भरंवशावर तें रामायणकालीन मानणारे लोक मला भेटले आहेत.

दरबारी कागदांत मिरचीच्या आगमनाचा गवगवा कां नाहीं, याचें कारणहि यांतच आहे. तंबाखूचें पाहा. अकबराचा वकील असद बेग विजापुरास गेला तेथें त्याला तंबाखू दिसली, आणि इ. स. १६०४ च्या सुमारास ती त्यानें बादशहाच्या दरबारांत नेली. तेथें ती ओढावी कीं नाहीं यावर झालेली चर्चाहि त्यानें लिहून ठेविली आहे. किनाऱ्यावरून विजापूर, विजापुराहून पुढें, ही वाट या साक्षीनें पक्की होते. नळदुर्गाच्या किल्ल्यांत बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहानें १६१३ मध्यें पाणीमहाल बांधविला, त्या वेळीं ही वाट चालू होती. तंबाखू चांदीच्या तबकांतून, नवलाची वस्तु म्हणून आली. मिरची स्वयंपाकघराच्या मागल्या दारानें, ओळखीचें नांव सांगून आली. तिच्यासाठीं कोण वाकेनवीस लेखणी उचलणार?

कर्नाटकांतले पुरंदरदास (मृत्यु इ. स. १५६४) यांच्या नांवावर मिरचीवर एक पद आहे, आणि पाकशास्त्राचे इतिहासकार तें मिरचीचा सर्वांत जुना भारतीय उल्लेख म्हणून पुढें करितात. कालदृष्ट्या तें अशक्य नाहीं. गोव्यांत पोर्तुगीज येऊन त्यांच्या मृत्यूपर्यंत चौपन्न वर्षें झालीं होतीं. परंतु दासांचीं पदेंहि आपल्या अभंगांप्रमाणें गात गात आलेलीं आहेत. जुन्या पोथीचा आधार दाखविल्याशिवाय त्या पदाला १५६४ पूर्वींचें म्हणूं नये. जो काटा सावतोबांना, तोच पुरंदरदासांना लावला पाहिजे.

स्वयंपाकघर हेंहि एक दप्तरच आहे, व कांहीं बाबतींत तें कागदांपेक्षां प्रामाणिक आहे. श्राद्धाच्या स्वयंपाकांत मिरची न घालतां मिरें घालण्याची चाल कर्नाटक व तमिळ प्रांतांतील पुष्कळ घरांत आहे. आमच्या घरीं माझ्या आईनें ती शेवटपर्यंत पाळली. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादांतहि मिरची चालत नाहीं. पितरांना नवें अन्न माहीत नाहीं, ही त्या मागची समजूत असावी. उलट एकादशीचें ताट पाहा: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळें, हिरवी मिरची. साबुदाणा आतां ज्या कंदापासून करितात तोहि धरला, तर अख्खें ताट अमेरिकेंतून आलेलें आहे! धान्य नको या नियमांतून वाट काढतांना जें नवें होतें, तें निषेधाच्या यादींत नव्हतें, म्हणून पवित्र ठरलें. दृष्ट काढतांना मीठ-मोहऱ्यांच्या मुठींत आज मिरच्याहि असतात. मीठ व मोहरी हा जुना थर, मिरची त्यावरचा नवा. पण ओंवाळणाऱ्या आजीला तसें सांगून पाहावें!

आतां परसांत चलावें, कारण मिरें कीं मिरची या वादाचा निकाल माझ्या मतें तेथेंच लागतो. निवृत्त झाल्यापासून मी दरवर्षीं मिरचीचे दोन वाफे करितों. रोहिणी निघतां निघतां शेणखत व राख मिसळून लहानसा गादीवाफा करावा, ओळीनें बीं टाकून वर माती भुरभुरावी व पाचटानें झांकावें. आठ-दहा दिवसांत उगवण होते आणि पांच-सहा आठवड्यांत रोप वीतभर वाढतें. पुनर्वसु किंवा पुष्य नक्षत्रांत, आभाळ झांकलेलें पाहून, हात-सव्वा हाताच्या अंतरानें लावणी करावी. पाणी तुंबलें तर झाड उभ्याचें मरतें. पावसानें ताण दिला कीं फुलकिडे येऊन पानें चुरमडतात. त्यास बोकड्या म्हणतात, व एकदां तो वाफ्यांत शिरला कीं त्या झाडाची आशा सोडावी. भाद्रपदांत खालीं मान घातलेलीं पांढरीं फुलें येतात, नवरात्राच्या सुमारास पहिला हिरवा तोडा होतो. मार्गशीर्षांत, चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवितात त्या दिवसांत, एकाच झाडावर हिरवी, तांबूस व लालभडक अशा तिन्ही अवस्था दिसतात. लाल झालेली तोडून आठ-दहा उन्हें दिलीं कीं ती हातांत खुळखुळूं लागते, आणि तेव्हां ती वर्षभराच्या येसराला व काळ्या तिखटाला तयार झाली.

या बागेंतून इतिहासाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी मला कळल्या. एक अशी. मिरचीचा झोंबरेपणा बियांत नसून आंतल्या पांढऱ्या गरांत असतो, आणि तो माणसाला व गुरांना लागतो, पांखरांना लागत नाहीं. पोपट मिरची मजेनें खातो, व बीं दूर नेऊन टाकतो. वाळलेल्या एका मिरचींत कित्येक बिया असतात. मूठभर मिरच्या बटव्यांतून कोणी आणल्या, म्हणजे मसाला आला आणि बियाणेंहि आलें. मिऱ्याचें तसें नाहीं. तें बाजारांतून विकत घेतलें म्हणून त्याचा वेल दारीं लावतां येत नाहीं. मिरें शेवटपर्यंत व्यापाऱ्याचें राहिलें. मिरची पहिल्याच वर्षीं गरिबाच्या परसाची झाली. तिचा प्रसार सरकारी जमाखर्चांत न सांपडण्याचें हें दुसरें कारण. ब्याडगी व लवंगी शेजारीं लावल्या तर किडे पराग इकडचे तिकडे नेतात. त्या वर्षीचें फळ बिघडत नाहीं, पण त्याच्या बियांतून पुढल्या वर्षीं काय निघेल याचा नेम राहत नाहीं. म्हणून बियाणाचें झाड मी दूर कोपऱ्यांत ठेवितों. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांस ही अडचण ओळखीची वाटेल.

दुसरी गोष्ट मिऱ्याच्या वेलाची. कोंकणांत गेलेल्या एका स्नेह्यानें मिरवेलीचीं छाटें आणून दिलीं. शेवग्याच्या बुंध्याशीं, सांवलींत, न्हाणीच्या पाण्यावर मीं तीं लावलीं. पावसाळाभर वेल तरारला, हिवाळ्यांत थबकला, आणि वैशाखांत एका आठवड्यांत काळा पडून गेला. पुढल्या वर्षीं पुन्हां लावला, पुन्हां तेंच. मिऱ्याला दमट हवा आणि दोन हजार मिलिमीटरांच्या घरांतला पाऊस लागतो. आमच्याकडे त्याच्या निम्म्यापर्यंतहि क्वचितच पोंचतो, आणि उन्हाळा चाळिशीच्या वर तापतो.

सावतोबांचें अरण माढें तालुक्यांत, आमच्याच पुणें-हैदराबाद रस्त्यालगत, सोलापुराच्या पलीकडे. पर्जन्यछायेचा तोच कोरडा पट्टा. तेराव्या शतकांत तेथल्या विहिरीवरच्या मळ्यांत कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर हें सगळें पिकत असेल. मिऱ्याचा वेल पिकत नव्हता. अभंगांत तर आपल्या मळ्यांतली भाजी सांगितली आहे. वाण्याच्या दुकानांतली पुडी नव्हे. तेव्हां 'मिरची म्हणजे मिरें' हें समर्थन शब्दानेंहि टिकत नाहीं आणि मातीनेंहि टिकत नाहीं. अभंगांतली मिरची ही लसणी-कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारीं उगवणारी, तीच ठेच्याची मिरची आहे, आणि ती शके १२१७ (इ. स. १२९५) मध्यें समाधिस्थ झालेल्या पुरुषाच्या मळ्यांत असूं शकत नाहीं.

मग दोनच पक्ष उरतात. एक तर संपूर्ण अभंग नंतरच्या कोणा वारकऱ्याचा असून तो सावतोबांच्या नांवावर चढला. किंवा अभंग त्यांचा, पण तें चरण गातां गातां बदललें. सावतोबांचे आज मिळणारे अभंग चाळिसाच्या आंत आहेत, आणि ते काशिबा गुरवानें उतरून घेतले अशी परंपरा आहे. मूळचें लिखाण कांहीं हातीं नाहीं. ज्ञानेश्वरी तर लिहिलेला ग्रंथ, शके १२१२ चा. तरी तीनशें वर्षांच्या आंत तिच्यांत इतके अपपाठ शिरले कीं शके १५०६ मध्यें एकनाथांस ती शोधून शुद्ध करावी लागली. ओठांवर राहिलेल्या चार चरणांची काय कथा? मळ्यांत नवी भाजी आली, ती गाणाऱ्याच्या ओठांवर आली, आणि ज्या भाजीला आतां घराघरांतून मान होता ती देवाच्या यादींतून वगळणें त्याला अवघड गेलें. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतों. अभंगाची कल्पना इतकी मळ्यांत रुजलेली आहे कीं ती माळ्याचीच वाटते. पण हें अनुमान आहे, पुरावा नव्हे, आणि माझ्या श्रद्धेचा त्यांत वांटा आहे हें कबूल केलें पाहिजे. एवढें मात्र निश्चित म्हणतां येईल कीं, आज गातात तो पाठ मिरची या मुलखाच्या मळ्यांत रुळल्यानंतरचा, म्हणजे माझ्या अंदाजानें सतराव्या शतकाच्या अलीकडचा आहे. कोणी पोथी याहून जुनी म्हणून पुढें आली व तींत हाच पाठ असला, तर संशय पोथीच्या शकावर घ्यावा.

ही कसोटी वापरतांना मी स्वतः एकदां घसरलों, तें सांगणें योग्य होईल. मालक बाड घेऊन गेले, पण मोडी पानांचीं छायाचित्रें त्यांनीं मजपाशीं ठेविलीं होतीं. तीं पुन्हां वाचतांना ध्यानांत आलें कीं, ज्या कालवणांत मीं 'मिरची पूड' वाचली होती तेथें मूळ अक्षरें 'मिरिचि पुड' अशीं आहेत. मोडींत ऱ्हस्व-दीर्घ नाहीं आणि शब्दांमध्यें जागा नाहीं. ती 'मिरीची पूड' आहे, म्हणजे चक्क मिऱ्याची! मालकांचा अर्धा पक्ष मीं घाईनें मारला होता. पुढें दोन पानांनंतर एका लोणच्यांत मात्र देंठ ठेवून फळाला उभी चीर द्यावयास व आंत मोहरी भरावयास सांगितलें आहे, आणि तेथें शब्द निःसंशय मिरची आहे. मिऱ्याच्या दाण्याला चीर देऊन मोहरी भरणारा सुगरण अजून जन्मावयाचा आहे. एकाच हातानें, एकाच शाईनें दोन्ही शब्द दोन्ही पदार्थांस वेगवेगळे वापरले आहेत, हें त्यामुळें उलट जास्तच स्पष्ट झालें.

राहतां राहिला वाळवीचा अंक. संवत्सरचक्र साठ वर्षांचें. तीनशें वर्षांत त्याचीं बरोबर पांच आवर्तनें होतात. म्हणून शके १४०५ ला जसा शोभन येतो तसाच शके १७०५ लाहि येतो. शके १५०५ किंवा १६०५ ला तो येत नाहीं. भोंकाच्या जागीं ४ किंवा ७ यांखेरीज तिसरा अंक बसत नाहीं, आणि वार दिलेला नसल्यानें पंचांग दोघांमध्यें निवाडा करूं शकत नाहीं. मिरची करते. बाड शके १७०५ चें, म्हणजे इ. स. १७८३ चें. हें मीं मालकांस पत्रानें कळविलें, व माझी 'मिरीची' वाचण्यांतली चूकहि कळविली. आषाढांत ते आले, गणित पुन्हां मांडून पाहिलें, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग उरलेल्या रेघेवर भिंग धरून म्हणाले, "सात असूं शकेल."

संग्राहकांस विनंति अशी कीं, ज्यांच्याजवळ सावतोबांचा हा अभंग असलेलीं हस्तलिखितें असतील, त्यांनीं मिरचीच्या जागचा पाठ, त्या चरणांतील अक्षरसंख्या, लेखनशक, संवत्सर, तिथि व दिला असल्यास वार, एवढें उतरून मंडळाकडे पाठवावें. मिरचीवांचून असलेलें एखादें चरण निघालें, तर त्याचें छायाचित्र अवश्य घ्यावें, आणि त्या पानावर हळदीचे किंवा तेलाचे डाग असले तरी तें पान धुऊं अगर पुसूं नये.